माडाएवढं आभाळ

सर, फड... फड... मग थोडा वेळ काहीच नाही, आणि पुन्हा फड. शाळेमागच्या माडाच्या शेंड्याला बांधलेलं लाल फडकं वाऱ्यात असं वाजायचं. आज पहाटे अर्धवट झोपेत तो आवाज कानात आला आणि मी पुन्हा सातवीच्या वर्गात, खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसलो. तुम्ही फळ्याला पाठ टेकून, डोळे मिटून चालीवर कविता म्हणताय, आणि दर कडव्याच्या शेवटी ते फडकं वरून ताल धरतंय. डोळे उघडले तर मागच्या इमारतीच्या गच्चीवर ताडपत्रीचं एक टोक सुटलेलं. आवाज तिचा होता. तरी मी तसाच पडून राहिलो. म्हटलं, कविता संपू दे. शेजारच्या खाटेवर बायको तीन उशांना टेकून बसल्या बसल्या झोपली होती. आडवं पडलं की तिला श्वास पुरत नाही. तिचा श्वास आणि ती ताडपत्री, दोन्ही ऐकत उजाडलं.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या गावी पत्र टाकलं तर ते घेणारं कोणी नसेल. तरी लिहितोय. कारण सोमवारी माझ्या बायकोला डॉक्टरांसमोर एक जिना चढून दाखवायचा आहे, आणि त्या जिन्याचं तुमच्या माडाशी काहीतरी नातं आहे असं मला सकाळपासून वाटतंय. काय नातं ते लिहिता लिहिता सापडेल. निबंध आधी सगळा ठरवून लिहू नये, थोडा वाट चुकू द्यावा, असं तुम्हीच सांगायचात. तुमच्या त्या सल्ल्यापायी मला निबंधात मार्क नेहमी कमीच पडले, ते सोडा.

तुम्ही घाटावरून आलात तेव्हा वसईकडच्या आमच्या नंदाखाल गावात कोणाला वाटलं नव्हतं की तुम्ही पावसाळ्यापर्यंत टिकाल. समुद्राचा वारा सुटला की तुम्ही धोतराचा सोगा घट्ट धरायचात, आणि माडाखालून जाताना एकदा वर बघून मग पळत पलीकडे जायचात. नारळ डोक्यात पडून मेलेला मास्तर असं नाव नको व्हायला, म्हणायचात. शाळेत शिक्षक कमी, म्हणून मराठी आणि भूगोल दोन्ही तुमच्या गळ्यात पडले. इतर कोणी असता तर वैतागला असता. तुम्ही दोन्ही तासांची सरमिसळ करून टाकलीत. कवितेच्या तासाला ढगांचे प्रकार निघायचे आणि भूगोलाच्या तासाला तपांबर, स्थितांबर, मध्यांबर, दलांबर, बाह्यांबर हे आम्ही ओवीसारखं गाऊन म्हणायचो. वर्गातल्या निम्म्या मुलांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण चाल पाठ होती. अजून आहे. परवा दाढी करताना मी ती गुणगुणत होतो तर बायको आतून म्हणाली, "कुठलं भजन हो हे? कोनच्या देवाचं?"

तो माडाचा दिवस तर माझ्या अंगावर कोरलेला आहे. पुस्तकात वातावरणाचं चित्र होतं, एकावर एक पट्टे. तुम्ही पुस्तक मिटलंत आणि आम्हाला शाळेमागे नेलंत. खिशात शिंप्याची पिवळी टेप. किलोमीटर तेव्हा नवा आला होता आणि इंच जुना होता, तुम्ही दोघांचं लग्न लावून दिलंत. एक किलोमीटर म्हणजे एक इंच, म्हणालात, आणि माडाच्या बुंध्याशी टेप धरून बसलात. मला पुढे ओढून माडाला टेकवून उभं केलंत. गुडघ्यापाशी गोणपाटाची चिंधी बांधलीत. "हे तपांबर. ढग, पाऊस, धुकं, वादळ, गावातली सगळी भानगड इथंच. सगळ्यात उंच डोंगरसुद्धा तुझ्या गुडघ्याला पोचत नाही, लेका." मग माझ्या हनुवटीपाशी तुमच्याच धोतराची पांढरी पट्टी. "हे स्थितांबर. इथं ढग नाहीत, वादळ नाही. आणि कमरेपाशी बघ, इथं ओझोनचा थर. उन्हातलं विष इथं गाळलं जातं. कमरेला करगोटा बांधतात ना, तसा पृथ्वीने बांधलेला." मग स्वतः टाचा उंच करून, हात ताणून, बोटांच्या टोकापाशी निळी चिंधी. "मध्यांबर. तुटलेले तारे माझ्या या नखांपाशी जळतात." आम्ही तुमच्या नखांकडे पाहिलं. खडूने पांढरी झालेली नखं होती, पण त्या क्षणी ती जळताना दिसली, खरं सांगतो.

पुढचा थर दलांबर, तो थेट पन्नास फुटांवर. माझ्या आयच्या जुन्या लुगड्याचा लाल तुकडा तुम्ही आदल्या दिवशीच मागून आणला होता. तो वर बांधायचा कोणी? वर्गातली निम्मी पोरं माडावर चढणारी होती, पण बाबांनी मला नुकतंच पायात दोराचा फास घालून चढायला शिकवलं होतं आणि ते दाखवायची मला फार हौस. तुम्ही आधी नाही म्हणालात, मग खाली चार पोरांना शाळेची सतरंजी ताणून धरायला लावलीत. तिला इतकी भोकं होती की मी सोडा, शहाळंसुद्धा तिच्यात थांबलं नसतं. मी चढलो. गोणपाट गेलं, पांढरं गेलं, निळं गेलं, आणि मग नुसता माड, हातांना खरखरीत, वाऱ्याने हलणारा. झावळ्यांच्या बुडाशी लाल फडकं बांधलं आणि खाली पाहिलं. पश्चिमेला समुद्राची पांढुरकी रेघ, मध्ये केळीच्या वाड्यांचा हिरवा दाट गालिचा, विहिरींवर रहाट फिरताहेत, आणि तुम्ही खाली एवढेसे. मला खाली यावंसंच वाटेना. मी वरून पाचही अंबरं चालीवर म्हणायला लागलो. दोनदा म्हटली. खालून तुमचा आवाज फाटत होता, "खाली ये रे, लेका, खाली ये."

उतरल्यावर तुम्ही माझा कान धरलात, पण पिरगाळला नाहीत. "तू सारखा तिथंच असतोस," तुम्ही म्हणालात. "वर्गात बसूनसुद्धा तिथंच. तिथं हवा नसते. माणसं गुडघ्याखाली राहतात. तिथं लक्ष ठेव." पोरं हसली. मला ते बोलणं तेव्हा लागलं. नंतर कचेरीत, लग्नात, बापपणात ते इतक्यांदा आठवलं की लागायचं बंद झालं आणि नुसतं सोबत राहिलं.

त्या फडक्यांनी गावात जो गोंधळ केला तो तुम्हाला आठवत असेल. दुपारी पाचूबंदरहून मासळीची पाटी घेऊन आलेली बाई रस्त्यात थांबली. "मास्तर, कुनाचा सन हाय? येवढी फडकी बांदलीत ती?" तुम्ही मोठ्या अदबीने म्हणालात, "बाई, हे आकाश आहे." तिने माड वरपासून खालपर्यंत पाहिला, मग मान वर करून पाहिलं. "आनि मंग आमच्या डोक्यावर हाय ते काय?" ती पाटी सावरत गेली आणि वाटेत भेटेल त्याला सांगत गेली की मास्तरनी माडाला नवस बांधलाय. आमच्याकडे नाक्यानाक्यावर क्रूस, संध्याकाळी तिथे दिवे लावायची सवय. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतो तो माडाच्या बुंध्याशी मेणबत्ती जळतेय आणि गोणपाटाच्या चिंधीला मोगऱ्याचा गजरा. हेडमास्तर चिडले, असले प्रकार शाळेत नकोत म्हणाले. तुम्ही म्हणालात, "राहू द्या, मला तिचा उपयोग आहे." वर्ग भोवती बसवलात आणि मेणबत्तीवर काचेचा पेला उपडा घातलात. ज्योत हळूहळू बारीक झाली, निळी झाली, गेली. "एवढ्याशा हवेवर सगळं चालतं," तुम्ही म्हणालात. तेवढ्यात मागची एक मुलगी रडायला लागली. कोणाच्या तरी नवसाची मेणबत्ती होती, ती सरांनी विझवली म्हणून. तुम्ही गडबडलात. पेला काढलात, मेणबत्ती पुन्हा पेटवलीत, आणि नवस कोणाचा ते ठाऊक नसल्यामुळे शेवटी माडालाच हात जोडलेत.

रविवारी तुम्ही आमच्याकडे जेवायला असायचात. तुम्ही मासळी खात नाही याचं आयला मनापासून दुःख होतं. "मासळी नाही, मटण नाही. फळ्यावर लिहायला ताकद तरी कुठून येते तुमच्या अंगात?" ती तुमच्यासाठी शेवग्याच्या शेंगांची आमटी आणि तांदळाची भाकरी करायची. आपण दोघे खाली पाटांवर बसलेलो, ती चुलीशी उभी. एकदा लाकडं ओली होती. धूर सरळ वर गेला आणि कौलांच्या खाली एका उंचीवर थबकला, तिथेच आडवा पसरला, जणू कोणी चादर अंथरली. तुम्ही घास हातात धरून वर बघत राहिलात. "बघ, बघ. धुराला छत लागलं. तपांबराचं असंच असतं. वर जाणारं सगळं एका जागी अडतं." मी पण वर पाहिलं. किती सुंदर दिसत होतं ते, कौलातल्या काचेतून आलेला उन्हाचा खांब त्या थरातून आरपार गेलेला. आय खोकली आणि पदराने डोळे पुसून पुन्हा भाकरी थापायला लागली. तिला आपण काय पाहतोय ते दिसत नव्हतं, कारण तिचं डोकं त्या थरात होतं.

ही गोष्ट मला इतकी वर्षं सुचली नाही, सर. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी बायकोच्या छातीचा फोटो उजेडावर धरला आणि विचारलं, "काकू, घरात चूल होती का?" तेव्हा सुचली. लग्न होऊन ती याच घरात आली, याच चुलीशी, आणि गॅस आला तरी न्हाणीचं पाणी लाकडांवरच तापत राहिलं. माहेरी पाचूबंदरला बोंबील वाळवायचे, तिथे मोकळा वारा. वारा सोडून ती धुराच्या छताखाली आली. मी कचेरीतून आलो की खाली पाटावर बसायचो. दिवसभराचं सांगायचो. ती उभी असायची.

तुमची बदली झाली त्या दिवशी तुम्ही मला ती पिवळी टेप दिलीत. म्हणालात, "कवितेने दिपलास की ही काढ, आणि मापं घेऊन कंटाळलास की कविता म्हण." पुढे आमच्या मुलीच्या फ्रॉकची मापं त्या टेपेने घेतली गेली, मग ती टेप कुठे गेली ते घरात कोणाला ठाऊक नाही. मुलगी मात्र उंच झाली, नर्स झाली आणि ऑस्ट्रेलियाला गेली. तिकडेच लग्न झालं. मूल होत नव्हतं. किती वेळा आशा लागली आणि किती वेळा फोनवर नुसतं रडणं ऐकलं, ते लिहीत नाही. आता चाळिशीत दिवस राहिलेत, आणि या वेळी सगळं नीट आहे. तिला प्रवास करायला मनाई. म्हणजे माहेरपण तिकडे न्यायचं. बायकोने त्याच दिवशी डिंक, अळीव, खारीक अशी यादी सांगायला सुरुवात केली. मुलगी फोनवर म्हणाली, "मम्मी, तू त्रास घेऊ नकोस. इथे सगळं मिळतं." बायको म्हणाली, "सगळं मिळतं. आय मिळते काय?"

मुलगी म्हणाली, "नाही मिळत."

तेव्हापासून हे घर त्या एका गोष्टीवर उभं आहे. आमची डॉक्टर वसईतलीच, मुलीपेक्षाही लहान पोरगी, फार मायाळू. तिने तपासलं, फुंकर मारायच्या यंत्रात फुंकर मारायला लावली, आणि म्हणाली, "काका, विमानात हवा असते ना, ती हिल स्टेशनसारखी थिन असते. खाली बसून पुरतेय ती वर पुरेलच असं नाही. मी एक साधी गोष्ट बघते. काकूंना एक जिना न थांबता चढता आला, आणि वर पोचून एक अख्खं वाक्य बोलता आलं, तर मी सर्टिफिकेट देते. नाहीतर मोठ्या टेस्ट कराव्या लागतील, त्याला वेळ जाईल." वेळ जाईल म्हणजे काय ते आम्हा दोघांना कळलं. बाळ कोणासाठी थांबत नाही.

आमचं घर तुम्ही पाहिलं त्याच जागी आहे, फक्त आता सिमेंटचं झालंय आणि वर एक खोली काढली आहे. तिथेच बसून हे लिहितोय. बायको दोन वर्षांत वर आलेली नाही. मागच्या आठवड्यात आम्ही सराव सुरू केला. ती पुढे, मी मागे. "हळू," मी म्हणालो. "एकेका पायरीला एकेक अंबर म्हण. तालात चढलं की दम लागत नाही."

"तुमची अंबरं तुमी म्हना," ती म्हणाली. "मी माझी रोझरी म्हनते."

जिना वळतो तिथे ती बसली. बसली ती बराच वेळ उठली नाही. ओठ मिटलेले, खांदे वरखाली. मी पाणी आणलं, श्वासाचा पंप आणला, पाठीवर हात ठेवला तर तिने तो बाजूला केला. दम परत आल्यावर पहिलं वाक्य हे होतं, "मागं हात पसरून उभे राहता, फुटबॉलच्या गोलीसारखे. मला चढायचंय का पडायचंय?" दुसरं बऱ्याच वेळाने. "तुमी एकटे जा. पोरीला आपलं कोनतरी पायजे."

"मी जाऊन काय करू? बाळाला कविता म्हणून दाखवू?"

"म्हना की. लवकर झोपंल."

हसत होती, पण त्या संध्याकाळी मुलीचा फोन आला तेव्हा तिने मला खूण केली की सांगा, झोपलीय. आणि डोळे मिटून घेतले. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मुलीचा फोन तिने कधी असा टाळला नव्हता.

काल चहाच्या वेळी मी तिचं मन वळवायला तुमचा माड काढला. सगळं सांगितलं, गोणपाट, धोतर, नखं, सतरंजी. मासळीवाल्या बाईवर ती फार हसली, ती आमच्या पलीकडच्या आळीतली असनार, असंच बोलतात तिथले, म्हणाली. मग मी म्हटलं, "हे बघ, सरांच्या मापाने विमान तुझ्या नडगीच्या वर जात नाही. गुडघ्याच्याही खाली उडतं. त्याला काय भ्यायचं?"

तिने गुडघा चोळला. "म्हनजे तिथंच येऊन धडकतात ती. तरीच गुडघे रात्रभर ठनकतात."

आता विमानं आमच्या घरावरून मुंबईकडे उतरतात, सर. पांढरं पोट दिसतं, चाकं बाहेर आलेली दिसतात. पूर्वी मी गच्चीवरून ती बघत असे आणि आत बसलेल्यांचा हेवा करत असे. एवढी कविता पाठ असलेल्या माणसाने ढग अजून एका बाजूनेच पाहिलेत, ही काय गोष्ट झाली. वरून ते कसे दिसतात, कापूस खरंच म्हणायचा की दुसरं काही, ते एकदा बघून कोणाला तरी सांगायचं होतं. बहुतेक तुम्हालाच. विरारच्या बाजूला आता वीस-वीस मजली इमारती उठल्यात. बांधकामाची धूळ संध्याकाळी खाली उतरते आणि माडांच्या शेंड्यांपाशी एक करडी रेघ ओढली जाते. मी ती बघतो तेव्हा आता चित्र दिसत नाही. मी खिडक्या लावून घेतो, आणि खाली जाऊन तिच्या खोलीच्या खिडक्याही लावून घेतो. गुडघ्याखाली लक्ष ठेव म्हणालात ना, ते हे असं असतं, हे शिकायला मला म्हातारं व्हावं लागलं.

पत्र लांबलं. वाट चुकू दिलं की असं होतं. टपालात टाकायचं नाहीच, तेव्हा शेवटचं तेवढं लिहून टाकतो. खाली ती सकाळची वाफ घेऊन उशांना टेकून बसली आहे. मला तिने वर पाठवलं, मध्ये लुडबुड नको म्हणून. मुलीला मी रोज सांगतो की मम्मीचा सराव छान चाललाय. आणि दिवसातून एकदोनदा माझ्या मनात येतं की सोमवारी तिला जमू नये. डॉक्टरने मान हलवावी, आम्ही रिक्षाने घरी यावं, आणि कोणाला कुठे वर जायला लागू नये. इथे खाली मला तिचा श्वास ओळखता येतो. कुठला उशी हलवून जातो, कुठल्याला पंप लागतो, कुठल्या श्वासाला फक्त हात धरून बसायचं, ते मला अंधारातसुद्धा कळतं. तिथे वर, बंद खिडकीच्या आत, परक्या हवेत, तिला काही झालं तर मी काय करणार? माडावर बेधडक चढलेला तुमचा विद्यार्थी, सर, विमानाला घाबरतो. हे मी तिला सांगितलेलं नाही. तिला वाटतं मला फार जायचंय, आणि माझ्यासाठीसुद्धा ती

दाराशी कोणीतरी आहे.

मला वाटलं, वीजबिलवाला असेल, त्याला खालचं दार उघडं दिसलं की तो सरळ वर येतो. मी वळून पाहिलं. दारात ती उभी होती. अनवाणी, पदर कमरेला खोचलेला, एक हात चौकटीवर. दुसऱ्या हाताचं बोट वर केलेलं, म्हणजे बोलू नका. मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो तो तसाच राहिलो. तिची छाती हलत होती, भरभर, मग जरा हळू. ओठांचा रंग मी पाहिला. बरा होता. मी बोटानेच विचारलं, मध्ये थांबलीस? तिने मान हलवली. नाही. तिच्या मुठीत रोझरीची माळ होती, ती तिने सावकाश मनगटाला गुंडाळली. मग खोलीभर नजर फिरवली, दोन वर्षांनी आलेली, कुठे जाळी लागलीत ते पाहून घेतलं, आणि एका दमात म्हणाली,

"कपाटावरची ती मोठी बॅग काढून पुसून ठेवा, पोरीसाठी तांदळाचं पीठ आपल्या घरचंच न्यायचंय."

मी स्टूल ओढलं आणि चढलो.